‘मेलबर्न’चे दोन कप्तान

१० फेब्रुवारी १९६४. रात्रीचे ८ वाजून ५६ मिनिटे. ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स किनाऱ्यावरील जर्व्हिस बे या उपसागराच्या आग्नेयेला, शांत समुद्रात, ‘मेलबर्न’ या विमानवाहू नौकेने स्वतःच्याच ताफ्यातील ‘व्हॉयेजर’ या विनाशिकेचे मधोमध दोन तुकडे केले. युद्ध नव्हते, वादळ नव्हते, धुकेही नव्हते. विनाशिकेचा पुढचा भाग दहा मिनिटांत बुडाला, मागचा मध्यरात्रीनंतर. ३१४ जणांपैकी ८२ जण गेले.

या अपघाताबद्दल कोणाला जबाबदार धरायचे, हे ठरवायला ऑस्ट्रेलियाला चार वर्षे आणि दोन चौकशी आयोग लागले. त्यानंतर सव्वा वर्षातच तीच नौका, तसाच अपघात आणि तोच प्रश्न पुन्हा उभा राहिला. धागा थोडा लांब आहे. पण ‘कप्तान जबाबदार असतो’ हे वाक्य आपण जितक्या सहजतेने उच्चारतो तितके ते सोपे नाही, हे समजण्यासाठी या दोन रात्रींइतकी चांगली उदाहरणे नौदलांच्या इतिहासात फारशी नाहीत.

आरंभी या नौकेची ओळख करून देतो, कारण ती आपल्याला वाटते तितकी परकी नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटनने ‘मॅजेस्टिक’ वर्गाच्या विमानवाहू नौका बांधायला घेतल्या. युद्ध संपले आणि त्या अर्धवट राहिल्या. त्यांपैकी ‘मॅजेस्टिक’ हीच पुढे १९५५ मध्ये ऑस्ट्रेलियाची ‘मेलबर्न’ झाली. आणि ‘हर्क्युलिस’ ही १९६१ मध्ये भारताची ‘विक्रांत’ झाली. मुंबईच्या बंदरात पूर्वी संग्रहालय म्हणून उभी असलेली, आता नसलेली जुनी ‘विक्रांत’ ज्यांनी पाहिली आहे, त्यांनी ‘मेलबर्न’ची सख्खी बहीण पाहिली आहे.

आता त्या रात्रीचे काम समजून घेऊ. विमानवाहू नौकेवर विमान उतरवायचे असेल तर नौकेने वाऱ्याला सामोरे जायचे असते. विमान चुकून समुद्रात पडले, तर वैमानिकाला उचलण्यासाठी एक विनाशिका नौकेच्या मागे, डाव्या अंगाला, ठरावीक अंतरावर चालत राहते. तिला रक्षक जहाज म्हणू. वारा बदलला की विमानवाहू नौका दिशा बदलते आणि रक्षक जहाजाला आपली जागा नव्याने गाठावी लागते. हे सारे अंधारात, वेगात आणि बिनतारी संदेशांवर चालते. नियम एकच आणि स्पष्ट: विमानवाहू नौका आपल्या मार्गाने जाणार, तिच्या वाटेतून दूर राहण्याचे काम रक्षक जहाजाचे.

त्या संध्याकाळी वारा मंद होता आणि ‘मेलबर्न’ त्याच्या शोधात वारंवार वळत होती. दुरुस्तीनंतर दोन्ही जहाजे चाचण्या आणि सराव करीत होती. एका वळणानंतर ‘व्हॉयेजर’ मागे असण्याऐवजी पुढे, उजव्या अंगाला आली. तिला पुन्हा रक्षकाची जागा घेण्याचा आदेश मिळाला. अपेक्षा अशी होती की ती उजवीकडे वळून मोठा फेरा मारील आणि ‘मेलबर्न’च्या पाठीमागे येईल. ती उजवीकडे वळलीही. आणि मग एकाएकी डावीकडे, थेट ‘मेलबर्न’च्या वाटेत.

‘मेलबर्न’चे कप्तान जॉन रॉबर्टसन यांना वाटले की विनाशिका नागमोडी वळणे घेत वेळ काढते आहे, म्हणजे आपण पुढे गेलो की ती मागे येईल. असे करणे नौदलात सर्रास चालते, त्यामुळे ही समजूत वेडगळ नव्हती. गैरसमज ध्यानात आला तेव्हा काही सेकंदच उरले होते. इंजिने उलटी फिरवण्याचा हुकूम सुटला. पण वीस हजार टनांचे धूड काही सेकंदांत थांबत नाही. ‘मेलबर्न’ची नाळ, म्हणजे जहाजाचे पुढचे टोक, ‘व्हॉयेजर’च्या ब्रिजच्या मागच्या बाजूस घुसले. कप्तान डंकन स्टीव्हन्स आणि ब्रिजवरील जवळजवळ सर्वजण तत्काळ मृत्युमुखी पडले. ‘व्हॉयेजर’ डावीकडे का वळली, हे नेमके सांगू शकणारा माणूस उरला नाही. संदेशातील आकडे चुकीचे ऐकले गेले, असा एक तर्क आहे. ब्रिजवर कोणाचे लक्षच नव्हते, असा दुसरा. तर्कापलीकडे कोणी जाऊ शकलेले नाही.

बुडणाऱ्या पुढच्या भागात अडकलेल्यांमध्ये जोनाथन रॉजर्स नावाचे ज्येष्ठ नौसैनिक होते. बाहेर पडायची झडप लहान होती आणि त्यांची देहयष्टी थोराड. आपण त्यातून निघू शकणार नाही हे त्यांना कळून चुकले होते. त्यांनी तरुण मुलांना धीर दिला, जितक्यांना जमेल तितक्यांना बाहेर काढले आणि जे मागे राहिले त्यांच्यासोबत प्रार्थना म्हणत ते जहाजाबरोबर तळाशी गेले. त्यांना मरणोत्तर ‘जॉर्ज क्रॉस’ मिळाला. जबाबदारीची चर्चा चौकशीच्या कागदांत अडकते तेव्हा हा माणूस डोळ्यांपुढे ठेवलेला बरा.

आता चौकशीकडे येऊ. ब्रिटिश नौदलाची जुनी रीत अशी होती की जहाज बुडाले की वाचलेल्या कप्तानाला लष्करी न्यायालयापुढे उभे राहावेच लागे. त्याने गुन्हा केला असा त्याचा अर्थ नव्हता. जहाज राजाचे, ते तुझ्या हाती दिले होते, आता ते कोठे आहे ते सांग, असा तो हिशेब होता. हिशेब देणे वेगळे आणि दोषी ठरणे वेगळे, हा भेद त्या परंपरेला ठाऊक होता.

याचे गाजलेले उदाहरण १८९३ मधले. लेबनॉनच्या त्रिपोलीजवळ व्हाइस ॲडमिरल सर जॉर्ज ट्रायन यांनी समांतर चाललेल्या युद्धनौकांच्या दोन रांगांना एकमेकींच्या दिशेने वळण्याचा हुकूम दिला. रांगांमधले अंतर १२०० यार्ड. आणि दोन्ही बाजूंच्या नौकांना सुरक्षित वळायला मिळून निदान १६०० यार्ड तरी हवे. दुसऱ्या रांगेचे प्रमुख रिअर ॲडमिरल मार्कहॅम क्षणभर अडखळले. ट्रायन यांनी कशाची वाट पाहता, असे विचारताच त्यांनी निमूट हुकूम पाळला. ‘कॅम्परडाउन’ने ट्रायन यांच्याच ‘व्हिक्टोरिया’ला धडक दिली, ३५८ जण बुडाले, त्यांत स्वतः ट्रायनही. माल्टा येथे ‘व्हिक्टोरिया’चे कप्तान बर्क यांच्यावर रीतसर खटला चालला आणि ते निर्दोष सुटले. न्यायालयाने दोष मृत ट्रायन यांच्या हुकमावर ठेवला. मार्कहॅम यांच्याविषयी मात्र मोठी चतुर भाषा वापरली: शंका बोलून दाखवायला हवी होती, पण प्रत्यक्ष हजर असलेल्या सेनापतीचा हुकूम पाळल्याबद्दल कनिष्ठाला दोष देणे सेवेला घातक ठरेल. मला हा निकाल अपुरा वाटतो. पण निदान मेलेल्या माणसाचा दोष जिवंत माणसाच्या पदरी बांधला गेला नाही.

ऑस्ट्रेलियात नेमके उलटे घडले. अपघात शांततेच्या काळातला, बळी मोठ्या संख्येने आणि नौदल स्वतःचीच चौकशी करणार म्हटल्यावर जनता खवळली. पंतप्रधान रॉबर्ट मेंझीस यांनी रॉयल कमिशन नेमले, म्हणजे न्यायाधीशाच्या हाताखालचा सर्वोच्च दर्जाचा नागरी आयोग. सर जॉन स्पायसर यांच्या आयोगाने मुख्य दोष ‘व्हॉयेजर’चा मानला: तिच्या ब्रिजवर पुरेशी टेहळणी नव्हती. परंतु अहवाल तेवढ्यावर थांबला नाही. ‘मेलबर्न’च्या ब्रिजवरील रॉबर्टसन आणि अन्य दोन अधिकाऱ्यांनी वेळीच धोक्याचा इशारा दिला नाही, असा ठपकाही त्यात आला.

स्टीव्हन्स हयात नव्हते; रॉबर्टसन सिडनीत होते. नौदलाने त्यांना पुन्हा समुद्रावर न पाठवता किनाऱ्यावरच्या एका प्रशिक्षण केंद्रावर नेमले. कोणीही त्यांना शिक्षा सुनावली नव्हती, त्यामुळे अपील करायलाही जागा नव्हती. सप्टेंबर १९६४ मध्ये त्यांनी राजीनामा दिला आणि त्याबरोबर निवृत्तिवेतनावर पाणी सोडले.

येथे प्रकरण मिटले असते. पण ‘व्हॉयेजर’वर पूर्वी स्टीव्हन्स यांच्या हाताखाली दुसऱ्या क्रमांकाचे अधिकारी असलेल्या पीटर कॅबन यांनी एक निवेदन केले. कप्तान स्टीव्हन्स यांचे मद्यपान आणि आजारपण यांविषयी त्यात गंभीर मजकूर होता. जॉन जेस या सत्ताधारी पक्षाच्याच खासदाराने पाठपुरावा केला. मे १९६७ मध्ये एडवर्ड सेंट जॉन या नवख्या खासदाराने संसदेतील आपले पहिलेच भाषण या विषयावर केले. पहिल्या भाषणात कोणी अडथळा आणायचा नाही हा तिथला संकेत. खुद्द पंतप्रधान हॅरोल्ड होल्ट यांनी तो मोडला. भाषण किती वर्मी लागले होते ते यावरून कळावे. आणि काही दिवसांतच सरकारला नमते घेऊन दुसरे रॉयल कमिशन नेमावे लागले. एकाच घटनेवर दोन रॉयल कमिशने, हे ऑस्ट्रेलियाच्या इतिहासात एकमेव उदाहरण आहे.

(दुसरा अहवाल येण्यापूर्वीच, डिसेंबर १९६७ मध्ये, होल्ट मेलबर्न शहराजवळच्या किनाऱ्यावर पोहायला गेले आणि समुद्रात बेपत्ता झाले. त्याचा या प्रकरणाशी काहीही संबंध नाही; पण त्या दशकातल्या ऑस्ट्रेलियाला समुद्राने फार छळले खरे.)

सर स्टॅन्ली बर्बरी यांच्या दुसऱ्या आयोगाने १९६८ मध्ये निष्कर्ष दिला. स्टीव्हन्स यांना आतड्याच्या व्रणाचा जुना विकार होता, तो वरिष्ठांपासून लपवला गेला होता आणि प्रकृतीच्या दृष्टीने ते जहाजाचे नेतृत्व करण्यास पात्र नव्हते. अपघाताच्या संध्याकाळी त्यांना ब्रँडी दिली गेली होती, हे साक्षीत आले. मात्र दारूमुळेच अपघात झाला असे आयोगाने म्हटले नाही. रॉबर्टसन यांच्यावरील ठपका पुसला गेला. सरकारने त्यांना ६०,००० डॉलर दिले, तेही कायदेशीर हक्क म्हणून नव्हे, तर सद्भावनेची रक्कम म्हणून. नौदलातले स्थान परत मिळाले नाही.

या निकालात एक गोष्ट दबून राहते. स्टीव्हन्स यांचा आजार त्यांच्या आसपासच्या अनेकांना ठाऊक होता. सहकाऱ्यांनी तो आपुलकीपोटी झाकला, कारण माणूस लोकप्रिय होता आणि कप्तानाविरुद्ध बोलण्याची रीत नव्हती. मार्कहॅम यांच्या मौनाचे हे दुसरे रूप. सारी जबाबदारी एका कप्तानावर असते या नियमाची सावली अशी पडते की बाकीच्यांना आपण गप्प राहण्यास मोकळे आहोत असे वाटू लागते.

आता ३ जून १९६९. पहाटे सव्वातीनच्या सुमारास दक्षिण चीन समुद्रात ‘सीटो’ देशांचा संयुक्त सराव चालू होता. ‘मेलबर्न’वर आता कप्तान जॉन फिलिप स्टीव्हन्सन होते. आडनावातील साम्याने गोंधळू नका: स्टीव्हन्स बुडालेल्या ‘व्हॉयेजर’चे, स्टीव्हन्सन ‘मेलबर्न’चे. पाच वर्षांपूर्वीची घटना या माणसाच्या मनात सतत जागी होती. सरावाच्या प्रारंभी त्यांनी रक्षक जहाजांच्या कप्तानांना जेवायला बोलावून ‘व्हॉयेजर’ची हकीकत सांगितली, किमान अंतराबाबत लेखी सूचना दिल्या. ३१ मेच्या रात्री एक अमेरिकी विनाशिका थोडक्यात बचावली, तेव्हा त्यांनी सूचना पुन्हा बजावल्या. अपघाताच्या रात्री तर ‘मेलबर्न’चे दिवे पूर्ण तेजाने लावलेले होते आणि आकाशात चांदणे होते.

‘फ्रँक ई. इव्हान्स’ या अमेरिकी विनाशिकेला रक्षकाची जागा घेण्याचा आदेश गेला. त्या रात्री हे काम तिने आधीही बिनबोभाट केले होते. तिचे प्रमुख कमांडर आल्बर्ट मॅक्लेमोर खोलीत झोपले होते; जागा बदलायची वेळ आली तर मला उठवा, असे सांगून. कोणी उठवले नाही. ब्रिजवर दोन तरुण लेफ्टनंट होते: एक पहाऱ्याच्या प्रमुखपदाच्या परीक्षेत नापास झालेला, दुसरा पहिल्यांदाच समुद्रसफरीवर आलेला. विनाशिका ‘मेलबर्न’च्या वाटेत वळली. ‘मेलबर्न’ने बिनतारीवरून धडकेचा इशारा दिला, मग सुकाणू डावीकडे पूर्ण फिरवले. त्याच वेळी ‘इव्हान्स’ उजवीकडे वळली आणि पुन्हा त्याच रेषेत आली. तिचेही दोन तुकडे झाले. २७३ पैकी ७४ जण गेले. त्यांत एकाच कुटुंबातले तीन सख्खे भाऊ होते.

‘व्हॉयेजर’च्या वेळी रॉबर्टसन यांनी इशारा दिला नाही हा ठपका होता. स्टीव्हन्सन यांनी आधीही दिला आणि ऐन क्षणीही दिला. तरीही चौकशीत त्यांनी अधिक काही करायला हवे होते, असा सूर निघाला. फिलिपिन्समधील सुबिक बे येथे बसलेल्या संयुक्त चौकशी मंडळाचे अध्यक्ष होते अमेरिकेचे रिअर ॲडमिरल जेरोम किंग. सरावात या जहाजांचे वरिष्ठ सेनापती तेच होते. ज्याच्या हाताखाली अपघात झाला तोच त्याचा न्यायनिवाडा करणार, यातला विरोधाभास तेव्हाही लपला नव्हता.

मंडळाने दोषाचा वाटा स्टीव्हन्सन यांच्याही पदरात टाकला आणि ऑस्ट्रेलियाच्या नौदलाने आपल्याच कप्तानाला लष्करी न्यायालयापुढे उभे केले. आरोप दोन: ‘इव्हान्स’ला दिशा बदलण्याचा स्पष्ट हुकूम दिला नाही, आणि स्वतःची इंजिने उलटी फिरवली नाहीत. सरकारी पक्षाची बाजू इतकी पोकळ निघाली की बचाव पक्षाला साक्षीदार उभे करावेच लागले नाहीत. उत्तर देण्याजोगे प्रकरणच नाही, असे सांगून न्यायालयाने त्यांना सन्मानाने मुक्त केले. पुढे त्यांच्या पत्नीने या साऱ्यावर लिहिलेल्या पुस्तकाचे नावच ‘नो केस टू आन्सर’ असे आहे.

मग निर्दोष कप्तानाला काय मिळाले? दुय्यम समजली जाणारी एक कचेरीतली नेमणूक. त्यांनीही राजीनामा दिला. एकाच नौकेचे दोन कप्तान, दोघांवरही अखेर दोष उरला नाही आणि दोघेही नौदलाबाहेर गेले.

अमेरिकेने आपल्या तिघांवर खटले चालवले. दोन्ही लेफ्टनंटांनी गुन्हा कबूल केला. मॅक्लेमोर यांनी नाकारला, तरी ते दोषी ठरले. झोपलेला माणूस दोषी कसा, असा प्रश्न अनेक वाचक विचारतील. नौदलाचे उत्तर असे की झोपताना ब्रिज कोणाच्या हाती द्यायचा हा निर्णय जागेपणी घेतलेला असतो. हे उत्तर कठोर आहे, पण मला ते ‘मेलबर्न’च्या कप्तानांना मिळालेल्या वागणुकीपेक्षा प्रामाणिक वाटते, कारण त्यात दोष नेमका कशाचा हे स्पष्ट सांगितले जाते. मात्र नापास अधिकाऱ्याला त्या जागी बसू देणाऱ्या वरिष्ठ यंत्रणेपर्यंत तो हिशेब पोहोचला नाही.

स्टीव्हन्सन यांना न्यायाची ओळ मिळायला त्रेचाळीस वर्षे लागली. डिसेंबर २०१२ मध्ये ऑस्ट्रेलियाचे संरक्षणमंत्री स्टीफन स्मिथ यांनी त्यांना पत्र लिहून क्षमा मागितली आणि त्यांना न्याय्य वागणूक मिळाली नव्हती हे मान्य केले.

त्यानंतर सव्वा वर्षाच्या आत हाच प्रश्न मुंबईच्या समुद्रात आला. १४ ऑगस्ट २०१३ रोजी मुंबईच्या नौदल गोदीत ‘सिंधुरक्षक’ पाणबुडीत स्फोट होऊन १८ जण मरण पावले. पुढच्या काही महिन्यांत लहानमोठे अपघात होत राहिले. २६ फेब्रुवारी २०१४ रोजी मुंबईजवळ समुद्रात ‘सिंधुरत्न’ पाणबुडीत धूर झाला आणि दोन तरुण अधिकारी दगावले. त्याच दिवशी नौदलप्रमुख ॲडमिरल डी. के. जोशी यांनी नैतिक जबाबदारी स्वीकारून राजीनामा दिला आणि संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी तो त्याच दिवशी स्वीकारला. अपघातांची जबाबदारी घेऊन पद सोडणारे भारताचे ते पहिले नौदलप्रमुख. ‘सिंधुरत्न’च्या ब्रिजवर ते नव्हते, त्यांचा कोणताही हुकूम चुकला नव्हता, कोणी त्यांच्यावर खटला भरला नव्हता. रॉबर्टसन आणि स्टीव्हन्सन यांना जे भोगायला लावले गेले, ते येथे एका माणसाने स्वतःहून, सर्वोच्च पायरीवर उभे राहून पत्करले.

त्या वर्षीच्या ऑक्टोबरात जोशी यांनी एका मुलाखतीत मौन सोडले. ज्यांच्या हाती अधिकार आहे त्यांच्यावर उत्तरदायित्व नाही, आणि ज्यांच्यावर उत्तरदायित्व आहे त्यांच्या हाती अधिकार नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. रोख संरक्षण मंत्रालयाच्या कारभाराकडे होता. नौदलप्रमुखाचे पद त्यांच्या राजीनाम्यानंतर १७ एप्रिलपर्यंत पूर्णवेळ भरले गेले नव्हते. मंत्रालयातून मात्र कोणी राजीनामा दिला नाही.